मागचं डावं आधी

सर्वांत लांबचं चाक आधी, हा नियम.
मागचं डावं. मग मागचं उजवं, मग पुढचं डावं,
आणि चालवणाऱ्याच्या पायाजवळचं सगळ्यात शेवटी.
वॉल्टर ऑग्डन आत बसलेत, वय चौऱ्याऐंशी,
मी खाली, टॉडमर्डनच्या गारठलेल्या फरशीवर
पुठ्ठा अंथरून, उताणी.
एकमेकांचं तोंड दिसत नाही.
त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ठरलंय:
पान्याने चॅसीवर एकदा ठोकलं की दाबायचं,
दोनदा ठोकलं की सोडायचं.

एकसष्ट सालची मॉरिस मायनर.
रंग म्हणे धुरकट हिरवा होता;
ताडपत्रीखाली अकरा वर्षं राहून आता तो
शेवाळ आणि राख यांच्या मध्ये कुठेतरी.
अकरा वर्षांपूर्वी क्रॉस स्टोनच्या उतारावर
पेडल सरळ तळाला गेलं.
"लोण्यात पाय घातल्यासारखं," ते म्हणाले.
हँडब्रेक, एक दगडी गडगा, आणि तीन मेंढ्या,
ज्यांना काही झालं नाही.
शेजारच्या सीटवर एनिड होती. तिलाही काही झालं नाही.
ती उतरली, दार नीट लावलं
आणि चालत घरी गेली.
पुढे शेवटपर्यंत बसनेच फिरली.

मी लिफ्टच्या ब्रेकांवर पोट भरते.
लिफ्टचा ब्रेक उलट्या काळजाचा:
वीज गेली की आपोआप आवळतो,
ताकद लागते ती त्याला सोडवायला.
गाडीचं तसं नाही.
इथे कुणीतरी वेळेवर दाबावं लागतं,
आणि मधल्या नळीत हवा असून चालत नाही.
तेल दबत नाही. हवा दबते;
सगळं ऐकून घेते
आणि पुढे काहीच पोचवत नाही.

पहिल्या रविवारी ड्रमच निघेनात.
हातोडी, गंजाचं तेल, शिव्या.
शिव्या माझ्या, मराठीतून.
"ही प्रार्थना का?" त्यांनी विचारलं.
तशीच काहीशी, मी म्हटलं.
आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची,
हे मी सांगायच्या आधीच ते बादली भरून घेऊन आले.
धाकटा भाऊ त्याच धुळीच्या कारखान्यात होता,
एवढंच बोलले.

दुसऱ्या रविवारी मास्टर सिलिंडर.
तो ड्रायव्हरच्या पायाखालीच गाडलेला,
गालिचा उचलायचा, पत्र्याचे स्क्रू काढायचे.
गालिच्याखाली मिळालं ते असं:
सहा पेन्सचं नाणं,
पेपरमिंटचा कागद,
आणि तारेची, एका मोत्याची कुडी.
मी तळहातावर धरून दाखवली.
त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला.
"एनिडचे कान टोचलेले नव्हते."
मग चहा ठेवायला गेले,
आणि किटली बराच वेळ नुसतीच शिटी मारत राहिली.

आज तिसरा. तीन चाकं झाली, हे शेवटचं.
ठक्.
पाय खाली येतो, मी निपल पाव आटा सैल करते,
जॅमच्या बरणीत तेल उतरतं, कोऱ्या चहासारखं,
त्यात बुडबुडे: आधी फुटकळ, मग एक मोठा,
इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे.
आवळते. ठक् ठक्.
पुन्हा.
पुन्हा.

सतराव्या खेपेला, मी ठोकायच्या आत,
वरून, पत्र्यातून आवाज येतो:
"तिला ठाऊक होतं. मला वाटतं, ठाऊक होतं."

हातात पाना.
याला काय ठोकायचं, ते आम्ही ठरवलं नव्हतं.
नळीतून आता नवं तेल येतंय, नितळ,
एकही बुडबुडा नाही.
मी एकदा ठोकते.
त्यांचा पाय अर्ध्यावर येतो
आणि तिथे काहीतरी घट्ट लागतं.
बराच वेळ ते पाय काढत नाहीत.
"हं," म्हणतात. "लागला."

कुडी ॲशट्रेमध्ये आहे, झाकण लावून.
चाकं अजून चढवायची आहेत.